उभा निवृत्ती

फार वर्षांपूर्वी, पांगारवाडीच्या आभाळात जेव्हा घारी होत्या, ढग होते आणि देव होते, चौथं कुणी नव्हतं, तेव्हा तानूबाईला मुलगा झाला. आधीची दोन मुलं हातची गेली होती. हा तरी घरात टिकावा, शांतपणे नांदावा, म्हणून तिनं त्याचं नाव निवृत्ती ठेवलं.

पण निवृत्ती रांगलाच नाही. एके दिवशी पाळण्यातून उतरला आणि चालू लागला, असं म्हणतात. त्याचा एक घास घरात, दुसरा अंगणात आणि तिसरा ढवळीच्या माळावर. माळावर घारींच्या सावल्या फिरायच्या आणि हा त्या सावल्यांच्या मागे पळायचा. घार डोंगरापलीकडे गेली की कड्याशी उभा राहायचा आणि ती परत येईपर्यंत हलायचा नाही. घरी तानूबाई पाट मांडून हाका मारायची.

"निवरत्या, बस की रं जरा! भाकरी गार व्हाय लागली!"

"आलो आये," म्हणत तो यायचा, भाकरी हातावर घ्यायचा, तिच्यावर ठेचा घ्यायचा आणि उभ्यानंच निघून जायचा. पाट रिकामाच राहायचा.

मग सातासमुद्रापलीकडे मोठी लढाई लागली. निवृत्तीला नुकतं मिसरूड फुटलं होतं. तो पलटणीत गेला आणि त्याला खेचरं सांभाळायला दिली. पण खेचरं जमिनीवरून चालतात आणि निवृत्तीची नजर वर. तिथं लाकडाची आणि कापडाची विमानं होती. तो ती पुसू लागला, मग शिवू लागला, मग मागच्या जागेवर बसून त्यांतून जाऊ लागला. एकदा वरच गोळी लागून पुढचा गोरा साहेब बेशुद्ध पडला. विमान खाली कसं आणायचं, हे निवृत्तीला कुणी शिकवलं नव्हतं. घार कशी उतरते, एवढंच त्यानं पाहिलं होतं. घार वाऱ्याकडे तोंड करते आणि पाय पुढे घेते. त्यानंही तसंच केलं आणि साहेबाला जिवंत खाली आणलं, असं म्हणतात. तेव्हापासून पुढची जागा त्याची झाली.

तिथं करमसिंग नावाचा एक पंजाबी त्याचा जोडीदार होता. दोघं बरोबर जायचे आणि बरोबर यायचे. एका संध्याकाळी निवृत्ती आधी उतरला. फार दमला होता. एका खोक्यावर बसला आणि बूट काढू लागला. वर करमसिंगच्या विमानाचा आवाज येत होता. निवृत्तीनं एक बूट काढला आणि आवाज थांबला.

करमसिंग परत आला नाही. निवृत्तीच्या मनानं मात्र एक गोष्ट धरली ती धरलीच. आपण बसलो म्हणून तो पडला. त्या दिवसापासून त्यानं ठरवलं, की आपलं एक जरी विमान वर असेल, तर आपण खाली बसायचं नाही.

वर्षं गेली. दुसरी मोठी लढाई आली. सरकारनं पांगारवाडीचा ढवळीचा माळ सपाट केला, त्यावर विमानतळ बांधला आणि त्याचा मुख्य साहेब म्हणून आला तो निवृत्ती. कानाजवळ केस पिकलेले, अंगावर खाकी, छातीवर पंखांचा बिल्ला. गाव बघायला लोटलं. विमानाला गावकरी 'इमान' म्हणायचे. शाळेतल्या मास्तरांनी कितीदा सांगितलं, विमान म्हणा. गावानं ऐकलं नाही.

गावाचा रागही होता. माळ गेला म्हणजे चराई गेली. धुरपदा धनगरीण मेंढरं घेऊन थेट त्याच्यापुढे आली.

"मोठा सायब झालास नि आमचाच माळ खाल्लास व्हय रं?"

"खाल्ला नाही काकू. वाटून घेऊ. इमानं वर असली की माळ माझा. सगळी उतरली की तुझा."

"आन् मला कसं कळायचं?"

निवृत्तीनं रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा खांबाला टांगला. सगळी विमानं उतरली की त्यावर टोला पडायचा आणि धुरपदाची मेंढरं माळावर शिरायची. शेजारच्या उंच खांबावर वाऱ्याची दिशा कळायला कापडाची लांब पोकळ पिशवी होती. पहिली फाटली तेव्हा तानूबाईनं आपल्या जुन्या लुगड्याची शिवून दिली. गाव तिला 'निवृत्तीची बाही' म्हणू लागलं.

पण त्या माळावर एक विमान उतरायचं तोवर दुसरं उडायचं. त्यामुळे निवृत्ती उभाच. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, थांबायचा, वर बघायचा, पुन्हा चालायचा. माळावरचा खड्डा न् खड्डा त्याच्या तळव्यांना पाठ झाला. विठोबानंतर उभा राहिला तो हाच, असं लोक हसून म्हणायचे. टोला पडतो न पडतो तोच कुठून तरी नवी घरघर ऐकू यायची आणि तो मान वर करायचा. तानूबाई रोज डोक्यावर भाकरीची पाटी आणि काखेत पाट घेऊन माळावर यायची. भाकरी देऊन यायची. पाट परत आणायची.

धुरपदा चिडवायची, "बूड इलायतेत इसरून आलास का रं? वर तरी बसतोस का न्हाय?"

"वर बसावंच लागतं काकू. उभ्यानं इमान चालत नाही."

"मंग वरच जा बाबा. तेवढाच इसावा."

तानूबाई तिला दटावायची. "धुरपदे, जिभंला हाड हाय का तुझ्या?"

आणि मग मार्गशीर्षातली ती सकाळ आली. उजाडता उजाडता तीन कोवळे वैमानिक तीन विमानं घेऊन वर गेले. ते वर असतानाच नदीकडून धुकं चढलं. दुधावर साय धरावी तसं ते माळावर धरलं. आपलाच हात आपल्याला दिसेना. वरून तीन विमानांची घरघर येत होती. गोल फिरायची, लांब जायची, पुन्हा यायची. भोवती सगळे डोंगर आणि विमानांतलं तेल संपत चाललेलं.

गाव माळावर धावलं. कुणी हलगी वाजवली. कुणी कडबा पेटवला, तर धुरानं धुकं आणखीच दाटलं. निवृत्ती चालत होता, थांबत होता, वर बघत होता. तानूबाई पाट घेऊन उभी होती. तिच्याजवळ येऊन तो थांबला.

"आये, पोरं वर आहेत."

"ऐकतीया मी," ती म्हणाली. "जा."

त्यानं चौथं विमान काढलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण माळ पायांना पाठ होता. पायांच्या आठवणीवर त्यानं विमान पळवलं आणि धुक्याच्या वर काढलं. वर लख्ख ऊन होतं, असं म्हणतात, आणि तिन्ही पोरं वाट चुकलेल्या पाडसांसारखी फिरत होती. निवृत्तीनं पंख हलवून पहिल्याला खूण केली आणि त्याला शेपटीशी घेऊन धुक्यात शिरला. चाकं जमिनीला लागली, मागचा उतरला, तसा निवृत्ती न थांबता पुन्हा वर गेला. दुसऱ्याला आणलं. पुन्हा वर गेला.

तिसरा होता दिनशा, मुंबईचा पारशी पोरगा. आधी तो उतरावा म्हणून निवृत्ती त्याला जमिनीपर्यंत आणून पुन्हा वर गेला. दिनशा टेकला, पण त्याचं चाक मोडलं आणि विमान माळाच्या मधोमध नाकावर उभं राहिलं. दिनशा बाहेर पडला. आता निवृत्ती एकटाच वर होता. तो वळला आणि उतरायला आला. धुक्यातून त्याचं विमान अगदी खाली दिसलं आणि त्याच क्षणी त्याला समोर मोडकं विमान आणि त्याच्याजवळ लंगडणारा पोरगा दिसला असावा. पोरावर विमान घालायचं, की वर उचलायचं?

त्यानं उचललं.

लोकांनी मोडकं विमान ढकलून बाजूला केलं. दिनशा आभाळाकडे तोंड करून ओरडत होता, "साहेब, वाट मोकळी आहे! या, साहेब!"

घरघर एकदा डोक्यावरून गेली. मग उंच गेली. मग आणखी उंच. ती थांबलेली कुणी ऐकली नाही. धुकं फाटलं तेव्हा आभाळ निळं आणि रिकामं होतं. माणसांनी दऱ्या धुंडाळल्या, डोंगर पालथे घातले. लाकडाची ढलपी नाही की कापडाची चिंधी नाही.

माळावर दिनशा तानूबाईच्या पायाशी कोसळला. "आई, मी वाटेत पडलो म्हणून साहेब..."

धुरपदा तोंडाला पदर लावून रडत होती. आपणच म्हटलं होतं, वरच जा. तानूबाईनं दोघांकडे पाहिलं. मग पाट मांडला. इतकी वर्षं रोज आणलेला आणि रोज परत नेलेला तो पाट. दिनशाला दंडाला धरून तिनं त्यावर बसवलं आणि निवृत्तीची भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

"खा. जो उतरला त्यानं बसायचं."

"आणि साहेब?"

"त्यो उभा राहून राहून लई दमला हुता रं," तानूबाई म्हणाली. "आता बसलाय. वर बसावंच लागतंय. बसू दे त्येला." मग तिनं गावाकडे पाहिलं. "आता उभं आपण ऱ्हायचं."

आणि ती उभी राहिली.

लढाई संपली. विमानं गेली, पलटणी गेल्या, माळावर गवत आलं. आता तिथं दिवसभर मेंढरं चरतात. पण पांगारवाडीचं माणूस अजूनही गावाला पोचलं की 'पोचलो' म्हणत नाही. एसटीनं जावो की सायकलवरून, घरी निरोप येतो तो 'उतरलो' एवढाच, आणि तो येईपर्यंत घरातलं एक जण चुलीजवळ, दारात, कुठेतरी उभं असतं.

मार्गशीर्षात त्या दिवशी सगळं गाव सकाळी माळावर जातं. घरोघरच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून नवी बाही शिवलेली असते, ती खांबावर चढते. खाली पाट मांडतात. त्या वर्षी सर्वांत लांबून जो परत आला असेल, मग तो फौजी असो, ट्रकवाला असो की शहरात नर्सिंग शिकणारी मुलगी, त्याला पाटावर बसवतात आणि हातावर भाकरी देतात. त्याचं खाऊन झालं की गाव बसतं.

रुळाचा तुकडा अजून टांगलेला आहे. पोरांचे हात शिवशिवतात, पण त्यावर टोला कुणी मारत नाही. आणि सगळे बसले तरी एक जण, दर वर्षी वेगळ्या घरचा, खांबाजवळ मान वर करून उभाच राहतो. नवखा पाहुणा त्याला म्हणतो, अहो, तुम्हीही बसा की.

तेव्हा तो सांगतो, "बसलो असतो हो. पण एक इमान अजून वर आहे."