अठरा जणांचा धूर

तळेगड शहरात शिरणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या धुराच्या नळीला पांढरा रुमाल लावून बघायचा, असं फर्मान राजेसाहेबांनी काढलं! वेशीवरचा शिपाई नळीसमोर रुमाल धरी आणि मोठ्यानं दहा आकडे मोजी. रुमाल पांढरा राहिला तर मोटार फुकट आत. करडा झाला तर चार आणे पट्टी. काळा झाला तर दोन रुपये, आणि तेही दर खेपेला!

आता राजेसाहेबांचंही चुकलं नव्हतं म्हणा. संस्थानात मोटारी फार झाल्या होत्या आणि सकाळी गच्चीत उभं राहिलं की त्यांना खोकल्याची उबळ येई. ते स्वतःच्या कोऱ्या मोटारीचेही चार आणे भरत, आणि भरताना चारचौघांनी बघावं अशी त्यांची इच्छा असे.

पंचाईत झाली हैबती ड्रायव्हरची. खेड्यापाड्यांतली माणसं शहरात आणणारी त्याची सर्व्हिस मोटार इतकी जुनी होती, की शिपायाचा रुमाल पहिल्याच भपक्यात तव्याच्या बुडासारखा होई. खेपेला उतारू अठरा, भाडं माणशी एक आणा. म्हणजे अठरा आणे मिळवायचे आणि बत्तीस आणे वेशीवर ठेवायचे! हैबतीनं चौथ्या दिवशी मोटार विकायला काढली.

त्याची मुलगी सगुणा मोटारीवर तिकिटं द्यायची. ती तरातरा दरबारात गेली.

"सरकार, ह्यो न्याय न्हाई! आमची मोटार तुमच्या मोटारीपरीस कमी धूर करती!"

दरबार खो खो हसला. दिवाणसाहेबांचा तर चष्माच नाकावरून घसरला.

राजेसाहेब मात्र हट्टाला पेटले. "असं? मग रुमालावरच दाखव! इंजिनाला हात लावायचा नाही. मोटार ढकलत आणायची नाही. दाखवलंस तर पट्टी माफ. नाही दाखवलंस तर तुझ्या बापाची मोटार भंगारात!"

"कबूल! उद्या बाजार हाय, उद्याच दावते. फकस्त सरकारांनी बी रोजच्यावानी आपल्या मोटारीतनं यावं."

घरी हैबतीनं कपाळावर हात मारला. "पोरी, ह्ये काय करून बसलीस? इकली आसती तर चार पैसं तरी आलं आसतं!"

"आबा, तुमी गाडी चालवा. बाकीचं माज्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी वेशीवर ही गर्दी! राजेसाहेब ऐटीत स्वतः मोटार हाकत आले, एकटेच. शिपायानं रुमाल धरला, दहा मोजले. रुमाल जेमतेम करडा झाला. मागून खडखडत, ठसकत हैबतीची मोटार आली. शिपायानं दुसरा रुमाल धरला आणि तिसऱ्या आकड्यालाच तोंड फिरवलं. रुमाल काळाकुट्ट!

"झालं!" दिवाणसाहेब टाळी वाजवून म्हणाले. "न्या ती मोटार भंगारात!"

"थांबा की वाईच!" सगुणानं काळा रुमाल हिसकावून घेतला. "सरकार, तुमच्या रुमालावरचा धूर किती माणसांचा?"

"किती म्हणजे? माझ्या एकट्याचा!"

"बरं." तिनं रुमालाची कड दातात धरली आणि टर्र करून फाडली. मग दुसरी चिंधी, तिसरी, चौथी. मोटारीतून उतरलेल्या एकेकाच्या हातात ती चिंधी देत गेली. एक कासारणीला, एक घोंगडीवाल्या धनगराला, एक दवाखान्यात निघालेल्या दिवस भरलेल्या बाईला. अठरा माणसं, अठरा चिंध्या.

"ह्यो ह्येंचा धूर! एकेकाच्या वाट्याला बोटभर. आन् सरकारांच्या एकट्याच्या वाट्याला अख्खा रुमाल!"

"पण चिंधी काळी आहे!" दिवाणसाहेब ओरडले.

"हाय की काळी! पर दिवाणसाहेब, उद्या ही अठरा माणसं सरकारांसारखी एकेकटी मोटारी घिऊन आली, तर किती रुमाल करडे हुतील?"

"अठरा," दिवाणसाहेब पुटपुटले.

"आन् मग गच्चीत खोकला कमी ईल का जास्त?"

राजेसाहेबांनी आपल्या रुमालाकडे पाहिलं, बाईच्या हातातल्या चिंधीकडे पाहिलं, आणि ते इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसकाच लागला!

"दिवाणजी, फर्मान बदला! आजपासून मोटारीतली डोकी मोजायची आणि धूर त्यांच्यात वाटायचा. हैबतीची पट्टी माफ! आणि पोरी, ही माझी मोटार तुला बक्षीस!"

हैबतीचे डोळे भरून आले. तो मुजऱ्याला वाकणार, तोच सगुणा म्हणाली, "नगं सरकार!"

"नको? का?"

"तिच्यात बसत्यात चार माणसं. बाकीच्या चौदा जणांला काय टपावर बशिवू? द्यायचंच आसंल तर आमच्या मोटारीला नवं इंजिन द्या. म्हंजे चिंध्या बी पांढऱ्या निगतील!"

राजेसाहेब पुन्हा पोट धरून हसले आणि नव्या इंजिनाचा हुकूम त्यांनी तिथंच, हैबतीच्या मोटारीच्या तापलेल्या बॉनेटवर कागद ठेवून, स्वतःच्या हातानं लिहिला.