पहिला घास आजोबांचा

चूक म्हाताऱ्या रातकिड्याची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर मोठी मंडळी म्हणतील, बिचाऱ्याच्या नशिबातच होतं.

ओढ्याकाठच्या रानात एका दगडाखाली रातकिड्यांचं कुटुंब राहत असे. तिथे दोन नियम होते. खाणं कोणीही आणो, पहिला घास आजोबांचा. आणि चालताना आजोबांच्या पुढे कोणी जायचं नाही. का, असं विचारायची सोय नव्हती. एकदा नातीला काठावर मेलेलं चिलट सापडलं. हे कशानं मेलं ठाऊक नाही, टाकून देऊ, असं ती म्हणाली. आजोबांनी तिला चारचौघांत झापलं, काल अंड्यातून बाहेर आलेल्यांनी आम्हाला खायला शिकवू नये असं सुनावलं, आणि चिलट गिळून टाकलं.

चिलटाच्या पोटात जंताचं पिल्लू होतं. आजोबांच्या पोटात ते वाढलं, केसासारखं बारीक आणि लांबच लांब. त्याला ना दात, ना नांगी. ते नुसती प्रथिनं सोडत बसलं. मुलांनो, प्रत्येक पेशीत जनुकं असतात, म्हणजे शरीर कसं चालवायचं याच्या सूचना. काही जाग्या, काही निजलेल्या. जंताच्या प्रथिनांनी एकही सूचना पुसली नाही. काही जाग्या होत्या त्यांना निजवलं, काही निजल्या होत्या त्यांना उठवलं, बस. आजोबांची पाण्याची भीती गेली. चकाकणारं काही दिसलं की पाय तिकडे वळू लागले. गाणंही बंद पडलं. नातीने कारण विचारलं, तर म्हणाले, गाणं म्हणजे पोरकटपणा, आता कुठे मला शहाणपण आलंय. सगळ्यांनी आदराने मिशा हलवल्या.

एका संध्याकाळी आजोबांनी फर्मान काढलं की सगळ्यांनी पाण्यात राहायला जायचं. सगळे निमूट त्यांच्या मागे निघाले, अगदी कालची पिल्लंसुद्धा. यातल्या एकालाही पोहता येत नव्हतं.

"आजोबा, पाण्यात कशाला?" तिने विचारलं.

"मला आतून वाटतंय."

"आत कोणाला वाटतंय, ते तरी बघा."

"माझ्या पोटातलं मला कळत नाही, आणि तुला कळतं होय गं?"

मग तिने तिथे कोणी कधी केलं नव्हतं ते केलं. ती आजोबांच्या पुढे गेली आणि वाटेत आडवी उभी राहिली. "लाज आहे का काही? आजोबांच्या पुढे?" काका खेकसले. तिला बोलायला म्हणून अख्खी रांग थांबली. आजोबा तेवढे थांबले नाहीत. तिच्या अंगावरून गेले आणि त्यांनी ओढ्यात उडी टाकली. उडी पडते न पडते तोच त्यांच्या पोटातून जंत सुटत सुटत बाहेर आला आणि वळवळत निघून गेला. काठावरचे सगळे भराभर मागे सरले. नातीला चांगलं म्हणायचं मात्र कोणालाही सुचलं नाही.

जंताला हवं होतं ते पाणी मिळालं. पहिल्या घासाच्या मानापायी आजोबांचा जीव गेला.

तात्पर्य एवढंच : मनात आलेली प्रत्येक गोष्ट आपलीच असते असं नाही, म्हणून कोणी 'का' विचारलं, तर त्याला आपलं वय सांगू नये, कारण सांगावं.