शिंपीण आणि खारीचा नकार

एका रानात उंबराच्या झाडावर एक शिंपीण पाखरू राहत असे. दर वैशाखात ती दोन पाने जवळ ओढून कापसाच्या धाग्याने शिवी आणि त्या पिशवीत अंडी घाली. कापूस आणून देई शेजारच्या सावरीवरची खार. बदल्यात शिंपीण तिच्या ढोलीतल्या मुंग्या टिपून देई. खार मोठी चोखंदळ. बोंडे दवाने भिजली असली की ती रिकामीच येई आणि सांगे, "आज नको. ओल्या धाग्याचा टाका वाळला की निसटतो."

हे "आज नको" ऐकून ऐकून शिंपीण वैतागली. अंडी घालायचे दिवस जवळ आले होते. तेवढ्यात एक कावळा आला. कापूस देशील? हो. उद्याच? हो. घरपोच? हो, आणि हवा तितका. मुलांनो, एवढ्या गोड होकाराला कोण भुलणार नाही? शिंपिणीने खारीला यापुढे येऊ नकोस म्हणून सांगून टाकले. खार आपल्या सावरीकडे निघून गेली.

कावळ्याची सगळी बोलाचीच कढी. चार दिवस तो फिरकलाच नाही आणि पाचव्या दिवशी ओढ्याकाठचा भिजका कापूस टाकून उडून गेला. शिंपिणीने घाईघाईने तोच वापरला. दुपारच्या उन्हात धागे वाळले, टाके निसटले आणि पहिले अंडे खाली पडून फुटले. ती खूप रडली. ते "आज नको" पुन्हा एकदा कानी पडावे म्हणून तिचा जीव तुटत होता.

शेवटी धीर करून ती सावरीपाशी गेली. चूक कबूल करून तिने पुढच्या अंड्यांपुरता कापूस मागितला. खारीचे डोळे भरून आले, पण ती म्हणाली, "या मोसमाचा सगळा कापूस मी शिंजीर पाखराला त्याच्या घरट्यासाठी कबूल केलाय. तुला आज देता येणार नाही. पुढच्या वैशाखात ये, पहिली बोंडं तुझी."

त्या वर्षी शिंपिणीचे घरटे सुनेच राहिले. कावळा अधूनमधून येऊन हो म्हणत असे, ती मानही वळवत नसे. रोज सकाळी सावरीकडे तोंड करून ती वैशाखाची वाट पाही. खारीने पुढच्या वर्षीचा शब्द दिला होता, आणि तो खरा होणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

तात्पर्य : वेळेवर 'नाही' सांगणारा सोबती जपावा, त्याच्याच 'हो'वर घरटे टिकते.