देवाची काठी आणि लिंबाजीचं पोट

कासारखिंड गावात एक भोळा गडी राहायचा. नाव लिंबाजी. चारचौघांत छाती काढून म्हणायचा, "पंचक्रोशीत असं वझं न्हाई, जे म्या एकट्यानं उचललं न्हाई!" आणि लोकांनी माना डोलवायच्या आत स्वतःच पुढं सांगायचा, "खाली ठेवायला मातुर चौघं लागत्यात."

त्या वर्षी जत्रेत देवाची काठी धरायचा मान लिंबाजीच्या घराला आला. काठी म्हणजे तीस हात उंच वेळू, वर निशाण. ती कमरेशी टेकवून उभीच्या उभी देवळापर्यंत न्यायची, आणि तिथं चौघा मानकऱ्यांच्या हाती द्यायची. त्याआधी आडवी झाली, की मान कायमचा शेजारच्या घराला. लिंबाजीच्या बापानं काठी नेली होती, आज्यानं नेली होती. आणि जत्रा आठ दिवसांवर आली असताना लिंबाजीनं पाण्याची घागर उचलली अन् कमरेत उसण भरली.

बायको गवरा म्हणाली, "घागरीनं मोडलासा, काठीनं काय व्हायचं? तालमीत जावा."

तालमीत हैबती वस्तादांनी त्याच्या बेंबीखाली बोट रुतवलं. "ताकद दंडात नसती गड्या, हितं असती. काय बी उचलायच्या आधी गुडघ्यात बस, पोट आत घे, घट्ट धर. मग उचल."

"काय बी?"

"काय बी."

दुसऱ्या दिवशी पाटलाकडं बारशाचं जेवण होतं. लिंबाजीला पुरणपोळीचा घास उचलायचा होता. तो पानावरून उठला, गुडघ्यात बसला, पोट आत घेतलं, घट्ट धरलं, घास उचलला. दुसऱ्या घासाला पुन्हा उठला. पंगत संपली तेव्हा अर्धी पोळी पोटात गेली होती आणि शेरभर घाम बाहेर आला होता. पाटलीणबाईंनी बिचाऱ्याला ओवा दिला.

वस्तादांनी कपाळाला हात लावला. "आरं, जेवणापाशी पोट सैल सोडायचं!"

"चुकलंच माझं," लिंबाजी म्हणाला. "डोस्कं माझंच हाय वस्ताद, पर ऐकतंय तुमचं."

तिसऱ्या दिवशी देवळात भंडारा. आमटीचा हंडा पंगतीत न्यायचं काम लिंबाजीकडं आलं. आमटी म्हणजे जेवणच की! त्यानं पोट सैल सोडलं. कंबर डावीकडं गेली, हंडा उजवीकडं गेला, आणि आमटी गुरवाच्या अंगावर गेली. बरं तर बरं, कोमट होती.

वस्ताद ओरडले, "वझं हातात आलं की पोटाशी कवटाळायचं! घर येईस्तोवर सोडायचं न्हाई!"

"चुकलंच माझं. डोस्कं माझंच हाय, पर ऐकतंय तुमचं."

चौथ्या दिवशी गवरानं कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या आणायला धाडलं. शहाणी माणसं अशा फांद्या दोरीनं मागं ओढत आणतात. लिंबाजीनं पोटाशी कवटाळल्या. पोट आत घेतलं, तसे काटेही आत आले. पण घर येईस्तोवर सोडलं नाही. गवरा दिवस मावळेपर्यंत चिमट्यानं काटे काढत होती.

हसू नका. हसताना आपापलं पोट कुठवर आलंय ते आधी बघा. सांगणाऱ्याचं तर विचारूच नका.

पण एक झालं. घासाघासाला उठाबशा काढून आणि काट्यांच्या धाकानं पोट आत धरून लिंबाजीची कंबर पाटासारखी ताठ झाली. वस्तादांनी हात जोडले. "आता नवं काय बी सांगत न्हाई. शिकीवलंय तेवढंच आठव."

जत्रेचा दिवस उजाडला. लिंबाजी गुडघ्यात बसला, पोट आत घेतलं, काठी उचलली. हलगी कडाडली. काठी तसूभर कलली नाही. देवळाशी आला तेव्हा वस्तादांच्या डोळ्यांत पाणी होतं. चौघे मानकरी पुढं झाले. "दे लिंबाजी, आता आमच्याकडं."

"घर येईस्तोवर सोडायचं न्हाई," लिंबाजी म्हणाला आणि वळला.

गाव मागं धावलं. लिंबाजी पुढं. घराचं दार ठेंगणं, म्हणून तो गुडघ्यात बसला आणि आत सरकला. काठी काही गुडघ्यात बसेना. एक कौल पडलं, मग ओळ पडली, मग वळचणीपासून आढ्यापर्यंत छपराला फट पडली. पण काठी उभीच.

गवरा चुलीपाशी वाढत होती. लिंबाजी काठीसकट तिच्यासमोर टेकला. "मान राखला गं!"

समोर ताट होतं. जेवणापाशी काय करायचं, ते लिंबाजीच्या चांगलं ध्यानात होतं.

त्यानं पोट सैल सोडलं.

काठी उरलेलं छप्पर घेऊन आडवी झाली आणि तिचा शेंडा नेमका शेजाऱ्याच्या अंगणात पडला.

धुरळा बसला. लिंबाजी डोक्यावरचं खापर झटकत म्हणाला, "चुकलंच माझं. पर गवरे, पोटात ताकद किती आली, बघितलीस न्हवं?"

"बघितली की! आता गुडघ्यात बसा, पोट आत घ्या, अन् एकेक कौल उचला. त्यात तुमचं डोस्कं घावलं तर तेबी उचला. हलकंच असंल."