शिऱ्यातलं विष

कोरेवाडीच्या जहागीरदारांचा राघू रोज बदामाचा शिरा खाई. कोणी विष घालू नये म्हणून तो आधी वाड्यातल्या गोंदाजी गड्याने चाखायचा, असा हुकूम होता. गोंदाजी चाखण्याच्या नावाखाली वाटीभर हाणायचा.

दोन वर्षांत राघूची पिसं झडली, बोलणं बंद झालं. जहागीरदार कडाडले, "शिऱ्यात विष कोणी घातलं? सांग, नाहीतर चाबकाने सोलून काढीन."

गोंदाजीने पागोटं काढून टक्कल दाखवलं. "सरकार, तोच शिरा मीही खाल्ला. माझेही केस गेले, जिना चढवत नाही, बायकोशी भांडायला दम उरत नाही. विष असतं तर पहिल्याच दिवशी मेलो असतो. हे आपले लाड आहेत."

जहागीरदारांनी स्वतःच्या ढेरीकडे पाहिलं आणि चाबूक खाली ठेवला. "मग काय द्यावं?"

"पेरू, मोडाचे मूग, मेथी, हिरवी मिरची. रोज निराळं."

महिन्याभरात राघू बोलू लागला. चाखण्याचा हुकूम मात्र कायम राहिला. राघू मिरची मजेत कुरतडे. त्याच्याआधी ती चावून बसलेला गोंदाजी डोळे पुसत स्वतःच्या हुशारीला कोपरापासून नमस्कार करी.