आजाऱ्याची खोली

घाटाखालच्या त्या जुन्या धर्मशाळेच्या भिंती हातभर जाड, पण पावसात न गळणारी खोली एकच. मी फिरता वाणी, तापानं फणफणलो होतो, म्हणून राखणदार भागूबाईनं ती मला दिली. तेवढ्यात इनामदार आले. त्यांच्या आचाऱ्यानं पडवीत शिरापुरी रांधायला घेतली आणि ते गरजले, "उठव त्या वाण्याला! खोली मला हवी."

"खोली आजाऱ्याची आहे, सरकार."

"मग मीही आजारीच समज!"

"अगंबाई!" भागूबाई आचाऱ्याकडे वळली. "दादा, शिरापुरी पडवीतल्या लोकांना वाढा. सरकारांना आज लंघन. मी कडू काढा आणते."

तुपाचा वास दरवळत होता. इनामदार घुटमळले.

"आता जरा बरं वाटतंय," म्हणाले, आणि पडवीत गळक्या कौलांखाली पानावर बसले.

त्या कोरड्या खोलीत माझा ताप उतरला, म्हणून तर ही गोष्ट सांगायला मी उरलोय.