म्हातारा गोठ्यात का झोपतो

"मग आबा त्या खोलीत झोपत का नाहीत, आक्का?"

विलास ढेबे मठाच्या पायरीवर बसूनच विचारत होता. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

आक्का तांदूळ निवडत होत्या. डोंगरावरच्या त्या लहानशा मठात त्या एकट्याच राहायच्या. गावातलं कुणी अडलं की आधी त्यांच्याकडे यायचं. विलास तर लहानपणापासून त्यांच्या पायाशी बसलेला.

"खोलीत काय कमी आहे?"

"कमी?" विलास सावरून बसला. "पत्र्याखाली लाकडी छत केलं. दगडी भिंतीला पट्ट्या ठोकल्या, मध्ये थर्मोकोल भरला, वरून प्लायवूड. खिडकीला रबर. सुतार लावला नाही, सगळं ह्या हातांनी. मी कामाला जातो त्या लॉजवरसुद्धा अशी खोली नाही. सुईएवढी फट ठेवली नाही, आक्का."

"आणि गोठ्याकडची भिंत?"

"ती तर सगळ्यात आधी. कारवीचा जुना कुड तो, नुसत्या फटी. रात्रभर म्हशीचा वास आत. तिथं थर्मोकोल डबल लावलाय."

आक्कांचा हात तांदळात थांबला...

"आणि आबा?"

"आमचा डोळा लागला की उठतात. अंथरूण काखेत मारतात नि जातात गोठ्यात." विलास पुढं सरकला. "मागच्या थंडीत छाती भरली होती त्यांची. डॉक्टर म्हणाले, परत असं झालं तर अवघड आहे. त्यांच्यासाठीच केली हो खोली. आणि गाव म्हणतंय, पोरानं बापाला गोठ्यात घातला."

गाव म्हणत होतंच. भिंत कितीही जाड करा, शेजाऱ्यांना दिसायचं ते दिसतंच.

"तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतात."

आक्कांनी खांद्यावर घोंगडी टाकली.

"चल."

दिवेलागणीला दोघं घरी पोचली. धुकं पार उंबऱ्यापर्यंत आलं होतं. खोली मात्र खरोखर देखणी. विलासनं दार लावलं तसा वारा जणू कुणी मुठीत धरावा तसा बंद झाला.

"बघा. किती शांत."

आक्का आबांच्या नव्या कॉटवर बसल्या. गोठ्याकडच्या भिंतीकडे कान केला. विलासही बसला... शेवटी त्याचाच पाय हलायला लागला.

"ऐकू येतंय काही?" आक्कांनी विचारलं.

"काहीसुद्धा नाही," विलास म्हणाला. छाती जराशी फुगलीच त्याची.

"मला पण नाही," आक्का म्हणाल्या आणि उठल्या.

गोठ्याची एक बाजू उघडी. आज तर आबांनी संध्याकाळीच अंथरूण टाकलं होतं. चंद्री म्हैस बसून रवंथ करत होती आणि तिच्या पोटाला पाठ लावून आबा टेकले होते.

"आलात का, आक्का? मला खोलीत ढकलायला आणलंय व्हय ह्यानं तुमाला?"

"खोली बघून आले. चांगली आहे."

"लई चांगली हाय," आबा अगदी मनापासून म्हणाले. "पावणं आलं की त्यास्नी झोपव म्हनावं."

"आबा, गारठा आहे इथं," विलास कळवळून म्हणाला.

"कुटाय गारठा? ये, हात लाव."

विलास वाकला. म्हशीच्या कुशीवर त्यानं हात ठेवला. ऊन ऊन. तिचा एकेक श्वास आबांच्या पाठीला वर उचलत होता, खाली ठेवत होता. रवंथाचा आवाज एका लयीत चाललेला. लहानपणी ह्याच आवाजावर तो कुडाला पाठ लावून झोपायचा. मध्ये आई, पलीकडे आबा. आवाज थांबला की आबा झोपेतून उठून गोठ्यात बघून यायचे. आई गेली त्या वर्षी तर ते कुडापासून हललेच नव्हते.

"मग बोलला का नाहीत मला?"

आबांनी चंद्रीच्या कानामागं खाजवलं.

"येवडं हातानं केलंस... कसं बोलायचं?"

विलासनं स्वतःचे हात बघितले. प्लायवूड कापून कापून त्याच्या बोटांना अजून चिरा होत्या.

आक्कांनी खांद्यावरची घोंगडी काढली. त्या आबांना पांघरूण घालणार, म्हणून विलास बाजूला सरला. आक्कांनी घोंगडी उलगडली आणि चंद्रीच्या पाठीवर पसरली.

आबा गालातल्या गालात हसले.

विलास उठला. घरात गेला. करवत घेऊन आला नि गोठ्याच्या तोंडाशी थांबला. चंद्री कुठं बसते, कुडाजवळ तिचं तोंड कुठं येतं, ते बघत राहिला. मग हळूच विचारलं,

"आक्का, केवढं कापू?"

"तिचा श्वास येईल एवढं."